इंद्रभानचा सहावा रकाना

इंद्रभान हिवराळे खुर्चीला पाठ टेकून बसलाय, असं मी बावीस वर्षांत एकदाही पाहिलं नाही. तो खुर्चीच्या कडेवर बसायचा, एक पाय टेबलाखाली आणि दुसरा बाहेर, उठायच्या बेतात. हातात टाक असला तर दौतीचं झाकण उघडबंद, टाक नसला तर सदऱ्याचं बटण. माझं टेबल त्याच्या टेबलाला चिकटून होतं, त्यामुळे त्याच्या पायाची थरथर माझ्या चहाच्या कपात दिसायची. मी म्हणायचो, "बे इंद्रभान, एखांदा दिवस तरी बूड टेकव ना!" तो म्हणायचा, "टेकवतो न दयारामभाऊ, एवढं पाहून घेतो." त्याचं ते 'एवढं' कधी संपलं नाही.

मी दयाराम, त्याच कचेरीतला दुसरा कारकून. कामाचा मला कंटाळा आणि तो कंटाळा लपवण्यात मी पटाईत. इंद्रभानला कंटाळा ठाऊक नव्हता, त्याला धास्ती ठाऊक होती. आपल्या हातून कुठंतरी काहीतरी सुटलंय, ही धास्ती. चिखली तालुक्यातल्या एका खेड्यातून मॅट्रिक होऊन तो आलेला. त्या गावच्या बौद्ध वस्तीतला पहिला सरकारी नोकर. वस्तीनं एसटीत बसवून देताना त्याला बजावलं होतं म्हणे, चुकू नको बाप्पा, तू चुकलास का आपण सारेच चुकलो असं म्हणतीन. एवढं ऐकून आलेला माणूस टेकून बसणार कसा? पण हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी त्याच्या पायाची टिंगल करत होतो.

आमची कचेरी बुलढाण्यात होती. महाराष्ट्र होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. त्याआधी आमचं वऱ्हाड नागपूरच्या राज्यात होतं, मग मुंबईच्या. राज्य बदललं की पाट्या चार दिवसांत रंगवून होतात, दप्तर तसं बदलत नाही. गावोगावच्या पटवाऱ्यांनी भरलेली जुनी पुस्तकं नागपूरच्या नमुन्यावरची होती, लाल फडक्यात बांधून भिंतीभर रचलेली. आणि वरून येणारे प्रश्न मुंबईच्या नव्या नमुन्यातले. प्रश्न मुंबईचा, उत्तर नागपूरचं आणि मधे इंद्रभान, असा आमचा कारभार.

दोन्हीकडं मराठीच होती, पण त्यानं काही सोपं होत नव्हतं. मुंबई विचारायची, बागायत किती? आमच्या पुस्तकात 'ओलीत' लिहिलेलं, आणि त्या ओलितात एकदाच पाणी दिलेलं वावरही धरलेलं. मुंबई विचारायची, दुभती जनावरं किती? आमच्याकडं गायी एका रकान्यात, म्हशी दुसऱ्यात आणि दोघींची वासरं त्यांच्यातच मिसळलेली. इंद्रभानचं काम एवढंच की मुंबईचा प्रश्न घ्यायचा आणि आमच्या पुस्तकाला कळेल असा तो पुन्हा मांडायचा. त्यासाठी तो चिठ्ठी लिहायचा. 'चौथा रकाना अधिक पाचवा, त्यातून शेऱ्यात दिलेली वासरं वजा. जूनच्या आधीची पानं घेऊ नयेत.' अशी चिठ्ठी तो आम्हा चार कारकुनांपुढं ठेवायचा आणि आम्ही डोकं बाजूला ठेवून पानं उलटायचो. डोकं लावायचं ते त्यानं लावलेलं असायचं.

आमचे वरिष्ठ शेषरावसाहेब नाशिककडून बदलून आले होते. त्यांना ही जुनी पुस्तकं वाचता येत नसत आणि ते कबूल करणं त्यांच्या जिवावर यायचं. कागद पुढं सरकवत ते नुसतं म्हणायचे, "हिवराळे, हे तेवढं बघून घ्या." हिवराळे बघून घ्यायचा. त्याची नोकरी अजून कायम झालेली नव्हती.

त्या हिवाळ्यात मुंबईहून विहिरींचा प्रश्न आला. ज्या गावांत सार्वजनिक विहीर नाही अशा गावांची यादी पाठवावी. यादीतल्या गावांना सरकारी विहीर खोदून मिळणार होती. आमच्या पुस्तकात सार्वजनिक विहिरींचा आकडा सहाव्या रकान्यात असायचा. प्रश्न सोपा, रकाना तयार. मला वाटलं, हे अर्ध्या तासाचं काम.

इंद्रभाननं त्यावर दोन दिवस घातले. सहाव्या रकान्यात कुठं एक होता, कुठं दोन, काही गावांत शून्य, आणि काही गावांत काहीच नाही, नुसता कोरा कागद. तो कोरा कागद त्याला चावत होता. त्याच पुस्तकात पिकांचा रकाना कोरा असला तर त्याचा अर्थ मागच्या वर्षीप्रमाणेच, हे त्याला माहीत होतं. मग इथं कोऱ्याचा अर्थ काय? विहीर नाही? की मागच्या वर्षीएवढ्याच? की पटवारी विसरला? मुंबईच्या नमुन्याच्या पाठीवर बारीक अक्षरात एक सूचना होती: रकाना कोरा असल्यास माहिती आली नाही असे समजावे व त्या गावाचा विचार पुढील तक्त्यात करावा. शेवटी त्यानं ती सूचना धरली. आपल्या मनानं काही भरायला नको म्हणून चिठ्ठीत लिहिलं, 'सहावा रकाना पाहावा. शून्य असेल ते गाव यादीत घ्यावे.' ती ओळ त्यानं तीनदा खोडून तीनदा लिहिली, आणि चार दिवसांची रजा घेऊन टेंभरखेडला गेला. तिथं त्याची मोठी बहीण सिंधूताई दिलेली, तिची सासू आजारी होती.

यादी मी काढली. टेंभरखेडचं पान माझ्याच हाताखालून गेलं. ते माझंही ओळखीचं गाव, म्हणजे तिथले पाटील माझे सख्खे मामा. आजोळचं नाव दिसलं म्हणून मी अर्धा क्षण थांबलो. सहावा रकाना कोरा होता. चिठ्ठीत शून्य म्हटलं होतं. मी पान उलटलं. संध्याकाळपर्यंत नऊ गावं निघाली, शेषरावसाहेबांनी सही केली आणि यादी टपालात पडली.

टेंभरखेड जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला. इंद्रभाननं तिथं काय पाहिलं ते त्यानं मला नंतर सांगितलं. पाहण्यासारखं नवीन काही नव्हतं. सिंधूताई आणि वस्तीतल्या दहा-अकरा बाया सकाळी घागरी घेऊन पाटलाच्या विहिरीशी जायच्या आणि ओट्याच्या खाली उभ्या राहायच्या. वर पाणी भरणाऱ्या बायांपैकी कुणाला वेळ झाला, मन झालं, तर ती वरून ओतायची. नाही झालं तर उभं राहायचं. कधी दोन घागरी, कधी एक, कधी ऊन डोक्यावर आलं की रिकाम्या हातानं परत. मग दीड कोस नदीच्या झिऱ्यावर. इंद्रभान लहानपणापासून हेच बघत आला होता, त्याच्याही गावात याहून वेगळं नव्हतं. पण या खेपेला त्याच्याकडं सांगण्यासारखं काही होतं. त्यानं बहिणीच्या डोक्यावरची घागर उतरवून घेतली आणि म्हणाला, "ताई, आता सरकारी इहिरी होऊन राह्यल्या. यादी आमच्याच हापिसातून गेली. म्याच काढाले लावली."

"आमचं गाव हाये काय त्याच्यात?" सिंधूताईनं विचारलं.

"असीनच न!" इंद्रभान म्हणाला.

सिंधूताईनं दुपारपर्यंत सगळ्या वस्तीला सांगून टाकलं.

मंगळवारी तो कचेरीत आला तो पिशवी खाली न ठेवताच माझ्यापुढं उभा. "दयारामभाऊ, यादीची कॉपी दाखवा." मी दिली. त्यानं वरून खाली वाचली, खालून वर वाचली, मग पाठीमागं काही आहे का ते पाहिलं. नऊ गावं नऊच राहिली.

"टेंभरखेड काऊन नाही याच्यात?"

"कोरं होतं," मी म्हणालो. "तुह्याच चिठ्ठीत हाये न, शून्य असीन तेच घ्या म्हणून."

तो भिंतीकडं गेला आणि गठ्ठे ओढायला लागला. धुळीनं आम्ही सगळे शिंकलो. दुपारपर्यंत त्यानं पाच तालुक्यांची पुस्तकं पुन्हा चाळली. सहावा रकाना कोरा असलेली सत्तावीस गावं निघाली. जेवायला आला नाही. त्या दिवशी अमडापूरकडचे एक म्हातारे पटवारी दुसऱ्याच कामाला कचेरीत आले होते. इंद्रभाननं त्यांना हाताला धरून पुस्तकापुढं आणलं आणि विचारलं, काका, तुम्ही इथं काही लिवलं नाही, याचा अर्थ काय?

"अर्थ काय म्हंजे? इहीर नाही," म्हातारा म्हणाला.

"मंग शून्य काऊन नाही लिवलं?"

म्हाताऱ्यानं त्याच्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "आमी शून्य लिवत नसतो बाबू. शून्याच्या आंगं कोणी एक काढला का दहा होते, अन् मंग ते दहा बैल कुठं गेले म्हून जाब आमाले. जे नाही ते लिवाचंच नाही. आमच्या उस्तादानं हेच शिकवलं." मग जरा तुच्छतेनं म्हणाला, "शून्य लिवते ते नवे पोट्टे."

कोऱ्या जागेतही कुणाला एक काढता येतोच की. पण पटवाऱ्यांच्या चार पिढ्यांना हे सुचलं नव्हतं आणि मला म्हाताऱ्याशी वाद घालायचा नव्हता. सरळ हिशेब एवढाच होता की ज्या नऊ गावांत नवा, शिकलेला पटवारी होता ती यादीत आली. जुन्या हातानं लिहिलेल्या सत्तावीस गावांना विहीर नव्हती आणि विहीर नाही म्हणूनच ती वगळली गेली. मला हसू आलं. इंद्रभानचा चेहरा पाहून मी ते गिळलं.

"गप बस," मी त्याला हळूच म्हणालो. "यादी गेली. कोणाले काही मालूम नाही. पुढच्या तक्त्यात घेजो त्याइले."

"पुढचा तक्ता कधी?"

"येईन, दोन-तीन वर्षांत."

त्यानं खोलीत चार चकरा मारल्या, पाणी प्यायला गेला, न पिताच परत आला. मग कोरा कागद घेऊन उभ्याउभ्याच लिहिलं की चिठ्ठी लिहिण्यात माझी चूक झाली आहे, आणि तो कागद घेऊन शेषरावसाहेबांच्या खोलीत गेला. दार उघडंच होतं, आम्ही चौघंही कान देऊन होतो.

"म्हणजे मी चुकीच्या यादीवर सही केली, असं तुम्ही मला लेखी कळवताय," साहेब म्हणाले.

"चूक माझी आहे, साहेब."

"सत्तावीस गावं! आणि यातलं एखादं तुमच्या नात्यातलं आहे?"

"टेंभरखेड. बहीण दिलेली आहे तिथं."

"वा! म्हणजे बहिणीकडं जाऊन आलात आणि चूक सापडली." साहेबांचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "हे बघा हिवराळे, तुमच्या सांगण्यावर मी एकही रकाना भरणार नाही. प्रत्येक गावच्या पटवाऱ्याच्या हातचा आकडा, खाली त्याची सही. सोमवारी दुपारच्या टपालाला पुरवणी यादी जाईल, त्यानंतर गेलेली मुंबई घेणार नाही. जेवढी आणाल तेवढी गावं. आणि तुमची ऑर्डर अजून कायम नाही, हे लक्षात असू द्या."

सहा दिवस होते. पटवारी त्यांच्या त्यांच्या गावी, गावं पाच तालुक्यांत विखुरलेली. पण बाजाराच्या दिवशी पटवारी घरी सापडत नाही, बाजारात सापडतो, एवढं आमच्याकडच्या कुणालाही कळतं. इंद्रभाननं बाजार धरले. अमडापूरच्या बाजारात त्याला सहा पटवारी मिळाले, एक तर बैलाचे दात पाहत होता. तिथनं मेहकरची गाडी, मेहकरहून लोणार. लोणारला टपरीच्या बाकड्यावर कागद पसरून त्यानं पाच आकडे लिहून घेतले आणि गाडी चुकली म्हणून कापसाच्या बैलगाडीतून पुढं गेला. शून्य लिहायला कुणाचा हात चालेना. एकानं तर त्याला सांगितलं, "तू लिव, मी सही करतो." इंद्रभान म्हणाला, "नाही, तुमच्याच हातचं पाह्यजे." मग त्या माणसानं देवाचं नाव घेऊन शून्य काढलं आणि त्याच्या आजूबाजूला कुणाला एक काढता येऊ नये म्हणून चौकट आखली. पुढं सगळ्यांनीच चौकट आखली.

शनिवारी तो कचेरीत तोंड दाखवून गेला. डोळे लाल, सदरा मळका, पिशवीत एकवीस चिठ्ठ्या. त्या त्यानं माझ्या टेबलावर मांडून मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि जळगाव जामोदची गाडी धरायला पळाला. त्याच्या मागं टेबल हलायचं थांबलं तर मलाच चुकल्यासारखं झालं.

जळगावकडची सहा गावं उरली होती. पाच सरळ झाली. सहावं टेंभरखेड, तिथले पटवारी उकंडराव. ते बाजारात सापडले नाहीत, इंद्रभान त्यांच्या घरी गेला. उकंडराव माणूस वाईट नव्हता. अंगणात बाज टाकून दिली, खुशाली विचारली. कागद पाहिला आणि चष्मा पुसायला लागले.

"इहीर तं हाये न बाबू गावात," ते म्हणाले.

"ते पाटलाची हाये, काका. खासगी. तुमच्याच पुस्तकात सहावा रकाना कोरा हाये."

"पुस्तकाचं निराळं. पुस्तक इथंच राह्यते. हे तं मुंबईले जाईन." उकंडराव हळू आवाजात बोलायला लागले. "पाटलाच्या गावात बसून मी लिवू का गावात इहीर नाही म्हून? उद्या साहेब येईन, पाटलाच्या ओट्यावर बसून पाणी पेईन, अन् पुसीन का उकंडराव, हे काय हाये?"

"सार्वजनिक पुसलं हाये, काका. सगळ्यायची."

"मंग सगळ्यायचीच हाये! कायद्यानं आता सगळ्याच इहिरी सगळ्यायच्या, नाही काय? नाही म्हून लिवलं तं पोलिसाचं काम होते ते." हे बोलताना त्यांनी इंद्रभानकडं पाहिलं नाही. त्यांनी टाक बुडवला, १ लिहिला, खाली सही केली. एकाला चौकट आखली नाही.

सोमवारी सकाळी इंद्रभान माझ्या टेबलापाशी उभा होता. सव्वीस चिठ्ठ्या एका टाचणीत आणि सत्ताविसावी हातात. दुपारच्या टपालाला चार तास होते.

"दयारामभाऊ, पाटील तुमचे मामा न?"

"हाव."

"कचेरीत फोन हाये. जळगावच्या पोस्टात सांगतलं तं गावात निरोप जाते. एक शब्द टाका त्याइले. एवढंच सांगा का इहीर तुमची खासगी हाये, तसं उकंडरावले लिवू द्या. उकंडराव पाटलाच्या भेवानं थांबला, दुसरं काही नाही. जळगावच्या पोस्टातून तो तारेनं कळवू शकते, साहेब तारेले सहीसारखं मानतीन, म्या इचारलं हाये."

त्यानं विचारून ठेवलं होतं, म्हणजे काय काय करता येईल ते सगळं त्यानं रात्रंदिवस घोकलं होतं. मी त्याच्याकडं पाहिलं नाही. मामा मला लहानपणी खांद्यावर बसवून त्याच विहिरीवर न्यायचे. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मामाच जमवत होते. मामांना फोन करून काय म्हणायचं? की तुमच्या ओट्याखाली ज्या बाया उभ्या राहतात त्यांच्याबद्दल बोलायचंय? त्या बाया मीही पाहिल्या होत्या. किती होत्या, ते मी कधी मोजलं नव्हतं.

"फोनचं काय काम?" मी म्हणालो आणि खण उघडून ब्लेड काढलं. आम्हा कारकुनांकडं ब्लेड असायचंच, चुकलेली शाई खरवडायला. "हे घे. एकाची शेपटी खरवड. वरचं वाटोळं राह्यते, झालं शून्य. चौकट आखून देजो. कोण पाह्यते?"

मला त्या क्षणी फार उदार झाल्यासारखं वाटलं होतं.

इंद्रभाननं ब्लेड घेतलं. चिठ्ठी खिडकीच्या उजेडात धरली. त्याचा पाय हलत नव्हता, हे मला आजही आठवतं. तो त्या एका आकड्याकडं किती वेळ पाहत होता कोण जाणे. मग त्यानं ब्लेड माझ्या टेबलावर ठेवलं.

"हे एक खरवडलं तं हे सव्वीस कोण मानीन?" तो म्हणाला. "साहेबाले टेंभरखेड माहीत हाये. ते पह्यले तेच पान पाहतीन."

"मंग ताईचं काय?"

"शेऱ्यात लिवतो," तो म्हणाला. चिठ्ठीच्या तळाशी त्यानं आपल्या हातानं लिहिलं, 'गावातील विहीर पाटलांची खासगी आहे. बौद्ध वस्तीस तीवर पाणी भरता येत नाही. लिहिणाऱ्याची बहीण वस्तीत राहते.' आणि सही केली. शेरा कुणी मोजत नाही हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. मुंबईला आकडा हवा होता, आणि आकडा एक होता.

शेषरावसाहेबांनी खरोखरच पहिलं टेंभरखेडच पाहिलं. एक पाहिला, शेरा वाचला, इंद्रभानकडं वर पाहिलं. मग सव्वीस गावांच्या पुरवणीवर सही केली. दोन महिन्यांनी त्यांनीच त्याची ऑर्डर कायम करून आणली. सव्वीस गावांना विहिरी झाल्या, काहींना त्याच उन्हाळ्यात, काहींना पुढच्या. टेंभरखेडचा नंबर पुढच्या तक्त्यात लागला, तीन उन्हाळे गेल्यावर.

पुढच्या आठवड्यात इंद्रभान बहिणीला सांगायला गेला. पत्रानं कळवता आलं असतं, पण पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं, म्हणून स्वतः गेला. सिंधूताई दळण निवडत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं, कोरा रकाना, शून्य, अमडापूर, लोणार, उकंडराव, चौकट, ब्लेड, शेरा. तिनं मधे एकदाही थांबवलं नाही. तो थांबल्यावर म्हणाली, "म्हंजे तुम्ही पुस्तकाले इचारलं, पटवाऱ्याले इचारलं, साहेबाले इचारलं. पाणी मी भरतो. मले कोणी इचारलं?"

हे त्यानं मला कचेरीत येऊन जसंच्या तसं सांगितलं, आणि विचारलं, "दयारामभाऊ, काय सांगा लागत होतं मी तिले?" मी फाइल उघडली आणि वाचत असल्यासारखं केलं. त्याला माझं उत्तर नकोच असावं. तो उठला आणि व्हरांड्यात येरझाऱ्या घालायला लागला.

त्यानंतर त्याच्या चिठ्ठ्या लांबल्या. 'रकाना कोरा दिसल्यास थांबावे. गावात जाऊन विचारावे. कोणास विचारले ते लिहावे.' आम्ही वैतागायचो. तो स्वतः मात्र जायचा. कुठल्याही गावी कामाला गेला की चावडीआधी पाणवठ्यावर जायचा, आणि ओट्याच्या खाली उभ्या असलेल्या बाईला विचारायचा. परतीच्या गाडीत पुन्हा धास्ती, एखादी राहिली तर नाही? कचेरीत त्याला हसायचे. हसणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

त्याच उन्हाळ्यात माझ्या बहिणीची सोयरीक पक्की करायला मी टेंभरखेडला मामांकडं गेलो. सकाळची वेळ होती. एसटीतून उतरून मी विहिरीवरूनच गेलो. ओट्याखाली बाया उभ्या होत्या. या वेळी मी मोजल्या, तेरा होत्या. त्यांत सिंधूताई कोणती ते मला ओळखता आलं नाही. घरी मामींनी पितळी तांब्याभर पाणी पुढं केलं. मामा खूश होते, म्हणाले, "घे बाबू, आपल्या इहिरीचं हाये, साऱ्या तालुक्यात असं गोड पाणी नाही." मी पाणी प्यायलो. गोड होतं. संध्याकाळच्या गाडीपर्यंत मी मामांच्या शेजारी बसलो होतो, आणि त्यांना काही बोललो नाही.